उन्हाळी लागली : पाच दिवसांच्या गोळ्या, एक पुडी की आधी कल्चर?

रात्री अकराला लघवीला आग सुरू होते. दर दहा मिनिटांनी बाथरूम, आणि होतं ते थेंबभर. साधारण निम्म्या बायकांवर ही वेळ आयुष्यात एकदा तरी येते. सकाळी मग मेडिकलच्या काउंटरवर, मागे कुणी उभं नाही ना हे बघून, खालच्या आवाजात सांगायचं आणि तो देईल ती पट्टी पर्समध्ये टाकायची. नाहीतर कपाटात गेल्या वेळच्या तीन गोळ्या उरलेल्या असतातच.

त्या काउंटरवर निवड नेमकी कशाकशात असते, ते बघू. पण हे फक्त मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गाबद्दल. ताप, हुडहुडी, उलट्या, कुशीत किंवा बरगडीखाली पाठीत दुखणं, लघवीतून रक्त किंवा गरोदरपण यांतलं काहीही असेल तर वाचन थांबवा आणि आजच डॉक्टर गाठा.

आधी ती 'जोरदार' म्हणून मिळणारी गोळी. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन ही एकाच घराण्यातली भावंडं. एकेकाळी दोन दिवसांत आराम पडायचा, म्हणून आई-मावशीला अजून तीच नावं पाठ आहेत. पण साध्या संसर्गात चारातल्या तीन वेळा तरी दोषी असतो तो इ. कोलाय हा जंतू, आणि तो येतो आपल्याच आतड्यातून. म्हणजे जुलाब लागले म्हणून घेतलेली 'नॉरफ्लॉक्स' असो की घसा धरला म्हणून घेतलेली आणखी काही, प्रत्येक गोळी या जंतूने पाहिलेली असते. जे मरायचे ते मरतात, निर्ढावलेले तिथेच राहतात, आणि पुढच्या वेळी मूत्रमार्गात चढतात ते हेच. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे चढायलाही वेळ लागत नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरातल्या नोंदींत लघवीतले निम्म्याहून जास्त इ. कोलाय या घराण्याला दाद देत नाहीत. या नोंदी मोठ्या रुग्णालयांतल्या आहेत. साध्या उन्हाळीत कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून कुठलं औषध चालेल ते बघणारी तपासणी, कुणी करतच नाही, तेव्हा घरोघरचं चित्र थोडं बरं असू शकेल. तरी नाणं उडवून औषध घ्यावं इतकंही बरं नसावं. शिवाय स्नायुबंध आणि नसांना होणाऱ्या इजेमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये सांगून टाकलं, की दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्रसंसर्गाला ही औषधं देऊ नका.

सेफिक्सिम या दुसऱ्या अँटिबायोटिकची गत फार वेगळी नाही. त्या जातीची औषधं तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडच्या बऱ्याच इ. कोलायजवळ आहे. 2014 पासून सेफिक्सिम शेड्यूल एच-वनमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवायची. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

खरी तुलना उरते ती दोन जुन्या औषधांची.

नायट्रोफ्युरँटॉइन 1953 पासून वापरात आहे आणि सत्तर वर्षांनंतरही बहुतेक इ. कोलायवर चालतं. ते जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे त्याला एक खिंड लढवून सुटता येत नाही. रक्तात ते फारसं साठत नाही, सगळा जोर लघवीत. हीच त्याची मर्यादाही आहे : संसर्ग किडनीपर्यंत गेला असेल तर ते कुचकामी, आणि किडनी मुळात अशक्त असेल तर घ्यायचंच नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांतही नाही. 100 मिलिग्रॅमची लांबवून काम करणारी गोळी सहसा दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि जेवणाबरोबरच, नाहीतर मळमळ. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नका, तो औषधाचा रंग.

याच चिठ्ठीत खाली आग शमवणारं अल्कलीचं सिरप लिहिलेलं दिसतं, किंवा मेडिकलवाला आपणहून देतो. नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं चालतं आणि हे सिरप लघवी अल्कधर्मी करतं. म्हणजे एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. 'दोन्ही एकत्र घेऊ का?' एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

फॉस्फोमायसिन म्हणजे तीन ग्रॅमची एक पुडी. रात्री लघवी करून, रिकाम्या पोटी, पाण्यात ढवळून प्यायची आणि झोपायचं. संपलं. डोस विसरण्याचा प्रश्न नाही, गरोदरपणातही डॉक्टर हे देतात. एका पुडीच्या मानाने किंमत मात्र टोचते. आणि दुसऱ्या दिवशी आग गेली नाही म्हणून दुसरी गोळी सुरू करू नका, औषध दोन-तीन दिवस लघवीत काम करत असतं.

दोघांची समोरासमोर गाठ 2018 मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत पडली. स्वित्झर्लंड, पोलंड आणि इस्रायलमधल्या 513 बायका. 28 दिवसांनंतर नायट्रोफ्युरँटॉइनवाल्या 70 टक्के बऱ्या होत्या, पुडीवाल्या 58 टक्के. तिथे गोळी दिवसातून तीनदा दिली होती, हे लक्षात ठेवून सुद्धा माझा कौल गोळीला. पण ज्या बाईची गोळी तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की कपाटात जाते, तिने पुडीच घ्यावी.

अँटिबायोटिकच नको असेल तर? जर्मनीत 2015 च्या एका अभ्यासात काही बायकांना नुसतं आयबुप्रोफेन हे वेदनाशामक दिलं. सुमारे दोन तृतीयांश जणींना पुढे अँटिबायोटिक लागलं नाही. पण त्रास जास्त सोसावा लागला, आणि किडनीपर्यंत संसर्ग गेलेल्याही त्या बाजूला जरा जास्त निघाल्या. धने-जिऱ्याच्या पाण्यावर मी हरकत घेणार नाही, पाणी पोटात जातं हे काय कमी आहे? पण एसटी स्टँडवरचं स्वच्छतागृह आठवून दिवसभर घोटभर पाण्यावर राहणारीला धने-जिरे तरी काय करणार.

राहिलं कल्चर. पहिलीच वेळ आणि लक्षणं साधी, तर डॉक्टर त्याविनाही औषध सुरू करतात, ते ठीकच. पण सहा महिन्यांत दुसरी वेळ असेल, किंवा गोळ्या संपूनही आग जात नसेल, तर पैसे इथे घाला. नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्यायचा. नंतर दिला तर जंतू उगवतच नाहीत आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. सुरुवातीची धार सोडून मधली धार डबीत धरायची आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवायची. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर थांबावं लागतंच असं नाही. डबी देऊन औषध सुरू करता येतं, रिपोर्ट आला की बदलता येतं. प्रोटियस निघाला तर नायट्रोफ्युरँटॉइन बदलावंच लागेल, त्या जंतूवर ते मुळातच चालत नाही.

रिपोर्टात औषधांपुढे एस असेल तर चालेल, आर असेल तर चालणार नाही. एस पुढे असलेल्या यादीत इंजेक्शनंही असतात. यादीत वर आहे म्हणून ते मागू नका. 'मिक्स्ड ग्रोथ' लिहून आलं तर बहुधा नमुना नीट धरला गेला नाही, दुसरी डबी द्या. आणि काही त्रास नसताना रुटीन तपासणीत जंतू निघाले, तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया सोडता औषधाची गरज बहुतेकदा नसते. जुन्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी रात्री अकराला डॉक्टरांना पाठवायला तोच लागतो.