कूबर पेडीत ओपल घेताना: आईच्या अंगठीची हकिकत

ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून गाडीने उलुरूला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा एक मुक्काम बहुतेक वेळा कूबर पेडी या ओपल रत्नाच्या खाणींच्या गावी पडतो. तिथे एका माणसाने माझ्या आईला लाखभर रुपयांना गंडवलं. त्याची रीत इतकी बेमालूम होती की समोर चार शिकलेली माणसं उभी असूनही कुणाला संशय आला नाही. भारतातून आई-वडील, सासू-सासरे आले की त्यांना तिथे हौसेने घेऊन जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

गाव विलक्षण आहे. पोर्ट ऑगस्टा सोडलं की साधारण 540 किलोमीटर नुसतं रखरखीत माळरान, मध्ये ग्लेंडॅम्बोला पेट्रोल, आणि मग अचानक क्षितिजापर्यंत पांढऱ्या-गुलाबी मातीचे ढीग दिसायला लागतात. प्रत्येक ढिगाशेजारी एक विवर. बघता बघता मागे चालू नका, पळू नका अशा पाट्या रस्त्याकडेला आहेत आणि त्या उगाच लावलेल्या नाहीत. 1915 साली सोनं शोधायला आलेल्या एका टोळीतल्या विली हचिसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडलं, तिथून हे गाव वसलं. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो म्हणून बरेच लोक वालुकाश्मात कोरलेल्या घरांत राहतात. त्यांना डगआउट म्हणतात. चर्चही जमिनीखाली, हॉटेलही.

इथली खाण म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीचा कारखाना नव्हे. एकेकटा माणूस किंवा दोघे-तिघे भागीदार सरकारी परवाना काढतात, छोटा तुकडा आखून घेतात आणि खणतात. त्यामुळे ‘मी स्वतः खाणवाला आहे, दुकानदाराचं भाडं आणि नफा वगळून थेट देतो’ असं कुणी म्हटलं तर ते अगदी खरं वाटतं. कित्येकदा ते खरं असतंही. लबाडाचं फावतं ते त्यामुळेच.

आम्हाला तो भेटला जुन्या मातीच्या ढिगाऱ्यांवर. गावात एक जागा पर्यटकांसाठी मोकळी आहे, तिथे मुलं माती उकरून ओपलचे तुकडे शोधतात. नूडलिंग म्हणतात त्याला. आमची मुलं उकरत होती, आई बाजूला बसली होती. साठीचा, धुळीने माखलेला, बोलायला अतिशय गोड माणूस. मुलांना सापडलेला तुकडा त्याने हातात घेतला, थुंकी लावून उन्हात धरला आणि हा बिनरंगी आहे, याला पॉच म्हणतात, असं प्रेमाने समजावलं. मग आईकडे वळून विचारलं, ‘तुम्ही भारतातल्या ना? शुक्रासाठी हवाय का?’

आईला खरंच हवा होता. नाशिकच्या गुरुजींनी हिऱ्याऐवजी ओपल चालेल असं सांगितलं होतं, आणि ऑस्ट्रेलियात मुलीकडे चाललोच आहोत तर तिथूनच घेऊ, असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. त्या माणसाला आपली माणसं कशासाठी येतात हे पक्कं ठाऊक होतं. पुढचं सगळं त्यावर रचलेलं होतं.

तो आम्हाला डगआउटमध्ये घेऊन गेला. भिंतीवर खाणीतले फोटो, कोपऱ्यात कुदळ, दोर, बादल्या. त्याने ओपलची एक अंगठी काढली, दिवे घालवून अतिनील दिवा लावला आणि अंगठीतला खडा दुधी उजेडात चमकायला लागला. ‘काच अशी चमकत नाही,’ तो म्हणाला. मग नेहमीचे दिवे लावून अंगठी फिरवून दाखवली. काळ्याभोर खड्यावर हिरवा, निळा आणि मध्येच लाल. ब्लॅक ओपल, याच भागातला, सॉलिड, म्हणजे जोड नसलेला अखंड खडा. किंमत 2,400 डॉलर, रोख दिले तर 1,800. बिल केलं तर कर लागेल, म्हणून बिल नाही. चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. एटीएम गावात आहेच.

आई नाशिकला परतली. रीतीप्रमाणे अंगठी कच्च्या दुधात आणि गंगाजलात ठेवून शुक्रवारी घातली. रोजची भांडी, धुणं, पूजा सगळं ती घालूनच चालायचं. काही महिन्यांत खड्याच्या कडेने पांढुरकं धुकं आत सरकायला लागलं. सराफाने कोंदण उघडलं, खडा बाहेर काढून भिंगाखाली बाजूने धरला आणि व्हिडिओ कॉलवर आम्हालाही दाखवला. वर नखाएवढा पातळ पापुद्रा, खाली काळा तुकडा, मध्ये सरळ आखल्यासारखी रेघ. डिंकात पाणी शिरलं होतं. किंमत फार तर दीडशे-दोनशे डॉलर.

याला डबलेट म्हणतात. ओपलचा पातळ काप काळ्या तुकड्यावर चिकटवला की मागच्या अंधारामुळे रंग उठून दिसतात आणि खडा ब्लॅक ओपलसारखा वाटतो. वर स्फटिकाची किंवा काचेची पारदर्शक टोपी बसवली की ते ट्रिपलेट. डबलेट विकणं हा गुन्हा नाही. चांगली दुकानं तसं स्पष्ट लिहून, माफक किमतीला विकतात आणि जपून वापरला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. गुन्हा आहे तो त्याला सॉलिड म्हणण्यात. त्या दिव्याची गंमत आता कळते: वरचा पापुद्रा खरा ओपल होता, म्हणून तो चमकला. दिव्याने खरं तेच दाखवलं आणि आमच्या डोळ्यांत त्यानेच धूळ फेकली.

एक खूण तर उघडी होती. कूबर पेडीचं नाव आहे ते पांढऱ्या, फिक्या अंगाच्या ओपलसाठी. ब्लॅक ओपलचं मुख्य गाव न्यू साउथ वेल्समधलं लाइटनिंग रिज, आणि क्वीन्सलंडमध्ये बोल्डर ओपल मिळतो. कूबर पेडीत कुणी ‘आमच्याच खाणीतला काळा’ म्हणून स्वस्तात देऊ लागलं तर तिथेच थांबून प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न कोंदणाचा. ज्यात खड्याची बाजू आणि पाठ दोन्ही झाकलेली आहेत अशा अंगठीत डबलेट ओळखणं निष्णात माणसालाही कठीण जातं. प्रामाणिक सोनारही बंद कोंदण करतात, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका, पण महाग खडा सुटाच मागा. बाजूने भिंगातून पाहा. नैसर्गिक खड्यातही रंगीत थराखाली पॉच असू शकतो, पण त्यांच्यातली सीमा सहसा वेडीवाकडी, एकमेकांत मिसळलेली असते. सुरीने कापल्यासारखी सपाट रेघ दिसली तर खडा जोडलेला समजा. बाटलीत पाण्यात ठेवलेले तुकडेही सुकवून दाखवायला सांगा, ओले असताना सगळेच देखणे दिसतात.

आणि बिल. त्यावर ‘सॉलिड नॅचरल ओपल’ हे शब्द, कॅरट वजन आणि विक्रेत्याचा एबीएन, म्हणजे धंद्याचा सरकारी नोंदणी क्रमांक, लिहून मागा. हे लिहायला जो कां-कूं करेल त्याच्याकडून काहीही घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. ऑस्ट्रेलियात जीएसटी 10 टक्के आहे. एका विक्रेत्याकडे 300 डॉलर किंवा जास्त खर्च झाला असेल आणि खरेदी देश सोडण्याआधीच्या 60 दिवसांतली असेल, तर टॅक्स इन्व्हॉइस दाखवून हा कर विमानतळावर परत मिळतो. म्हणजे ‘बिल नाही म्हणून स्वस्त’ यात पर्यटकाचा फायदा वाटतो तेवढा नसतो, आणि विकणारा मात्र कायमचा नामानिराळा राहतो.

आमचं तेच झालं. चिठ्ठीवरचा नंबर लागत नाही. नवरा कामानिमित्त त्या बाजूला गेला तेव्हा डगआउटला कुलूप होतं, शेजाऱ्याने सांगितलं की हंगामापुरतं भाड्याने दिलेलं असतं. राज्याच्या ग्राहक कार्यालयाकडे तक्रार केली. तिथल्या बाईंनी आपुलकीने ऐकून घेतलं, पण विकणारा कोण, त्याचा क्रमांक काय, पैसे दिल्याचा पुरावा काय, यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. वर्णनाप्रमाणे वस्तू नसेल तर पैसे परत मागायचा हक्क इथल्या कायद्यात आहे, पण तो मागायला समोर कुणीतरी असावं लागतं. आई अजून म्हणते, ‘माणूस वाईट वाटला नाही गं.’ तिच्या विश्वासाचा असा वापर झाला याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप येतो.

ज्यांच्या घरी अशी बिनबिलाची अंगठी आधीच आहे त्यांनी ती आधी पाण्यातून बाहेर ठेवा. दुधात, गंगाजलात बुडवायचा विधी करायचाच असेल तर खडा सॉलिड आहे याची खात्री झाल्यावर करा, आणि तो इथिओपियाचा असेल तर तेव्हाही करू नका. तिथले बरेच ओपल पाणी शोषून घेतात आणि त्यांचे रंग मावळतात. सराफाकडे गेलात की कोंदण उघडूनच तपासायला सांगा. नुसतं वरून पाहून ‘ओपल आहे’ असं कुणीही सांगेल, आणि ते खोटंही नसेल.