सह्याद्रीतील रानउंदरांची ओळख : ठाण्यातील एकदिवसीय कार्यशाळा

येऊरच्या पायथ्याशी भरलेल्या या कार्यशाळेत रानउंदरांच्या जाती कशा ठरवायच्या, हे इतक्या आस्थेने शिकवले गेले की दिवस कधी सरला ते कळलेच नाही. भिंगाखाली ठेवलेल्या कवटीतील नारिंगी पटाशीचे दात, त्यांच्यामागची सुळ्यांविना मोकळी जागा आणि वरच्या दाढांवरील उंचवट्यांच्या तीन रांगा मी स्वतः पाहिल्या. सातारा उंदराचे वर्णन १९१८ मध्ये झाले, तरी काळ्या उंदराशी असलेल्या साम्यामुळे तो दीर्घकाळ त्याचाच उपप्रकार गणला गेला. पुढे शरीराची ठेवण, गुणसूत्रे आणि जनुके एकत्र तपासल्यावर दोन्ही जाती निराळ्या ठरल्या. डोंगराळ प्रदेशात जातीची सीमा केवळ रंगरूपावरून का आखू नये, हे या एका उदाहरणाने मनात पक्के बसले.

सिंहगड परिसरातील मऊ केसांच्या कोंडाणा उंदराला मात्र जेमतेम दहा मिनिटे मिळाली, याची खंत वाटते. संकटग्रस्त गणल्या गेलेल्या, इतक्या लहान क्षेत्रातल्या प्राण्याला अधिक वेळ द्यायलाच हवा होता. शुल्क रास्त आहे. तिघांत एकच भिंग असल्याने पुढच्या तुकडीला जाणाऱ्यांनी स्वतःचे सोबत न्यावे.