कोंतानोमी: आकड्यासाठी उत्तम, अर्थासाठी नाही

इटलीची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था, म्हणजे इस्तात. तिच्या संकेतस्थळावर कोंतानोमी ही फुकट सोय आहे. नाव टाइप करा, मुलगा की मुलगी ते निवडा. त्या नावाची किती बाळं कोणत्या वर्षी जन्मली ते समोर येतं. आकडे १९९९ पासूनचे, त्यामुळे आजोबांच्या काळातली चलती इथे कळणार नाही. अलीकडची मात्र नेमकी कळते: वर्षानुवर्षं पहिला असलेला फ्रान्चेस्को २०१८ साली लिओनार्दोच्या मागे पडला.

गफलत होते ती मुलगा-मुलगी निवडताना. शेवटी 'आ' आला की मुलीचं नाव, हा ठोकताळा आंद्रेआ, लुका, निकोला आणि मात्तीआपुढे कोलमडतो. आंद्रेआ ग्रीक 'आंद्रेआस'वरून आलं. मुळाशी 'आनेर', षष्ठीत 'आंद्रोस', म्हणजे पुरुष. मुलींमध्ये शोधलंत तर आकडा तुटपुंजा दिसतो आणि नाव दुर्मीळ वाटतं. मुलांमध्ये तेच नाव ढिगानं सापडतं. इटलीत नाव बाळाच्या लिंगाला धरून असावं असा नियम आहे (२००० चा ३९६ क्रमांकाचा हुकूम, कलम ३५). तरी २०१२ साली तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं आंद्रेआ हे नाव मुलीलाही चालेल असं ठरवलं. अर्थ 'पुरुष', आणि नाव मुलीचं!

स्पेलिंगबाबत ही सोय काटेकोर आहे. निकोलो एका 'सी'चा वेगळा, दोन 'सीं'चा वेगळा. सोफियाचंही 'एफ' आणि 'पीएच'मुळे तसंच. बेरीज आपली आपण करायची.

अर्थ आणि उगम मात्र इथे अजिबात मिळत नाहीत, आणि नुसत्या नावांच्या याद्यांवर विसंबणं महागात पडतं. 'बेआत्रीचे' हे मुलीचं नाव घ्या. याद्या 'आनंद देणारी' एवढं सांगून मोकळ्या होतात. व्युत्पत्तीचे कोश बहुधा लॅटिन 'विआत्रिक्स'पर्यंत, म्हणजे प्रवासिनीपर्यंत, जातात. 'बेआतुस' (धन्य) या शब्दाच्या ओढीनं 'व'चा 'ब' झाला. फ्रान्चेस्कोचा अर्थ 'फ्रेंच'. याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या असिसीच्या संताचं (संत फ्रान्सिस) बाप्तिस्म्याचं नाव जोव्हान्नी होतं. वडील कापडाचे व्यापारी, फ्रान्सशी त्यांची उलाढाल, तिथूनच हे नाव चिकटलं असं सांगतात.

तेव्हा आकड्यासाठी कोंतानोमी, आणि जोडीला मूळ रूप, मूळ भाषा व मधली पायरी तिन्ही देणारा कोश घ्या. मधली पायरी गाळणारा कोश बेआत्रीचेपाशीच उघडा पडतो.