हेलिकॉप्टर इंजिनाचा सदोष भाग: तपासत उडवायचं की बदलून मोकळं व्हायचं?

इंजिनाच्या एखाद्या भागात दोष सापडला आणि त्याच नमुन्याच्या इतर इंजिनांतही तो असू शकतो असं दिसलं, की हवाई सुरक्षेचा सरकारी नियामक ‘एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह’ काढतो. हँगरमध्ये सगळे त्याला एडी म्हणतात. एडी हा सल्ला नव्हे, तो कायदा असतो. अमेरिकेत एफएए या हवाई नियामकाच्या नियमावलीचा भाग ३९ सांगतो की एडी न पाळता केलेलं प्रत्येक उड्डाण हे वेगळं उल्लंघन आहे. म्हणजे महिनाभर रोज उडवलं तर उल्लंघन एक धरलं जात नाही, जितकी उड्डाणं तितकी उल्लंघनं. आणि ही जबाबदारी आधी मालकाची किंवा चालवणाऱ्या कंपनीची, मेकॅनिकची नंतर.

त्यामुळे एडी पाळायची की नाही, हा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो कशी पाळायची. बऱ्याच एडींमध्ये दोन वाटा मोकळ्या ठेवलेल्या असतात: ठरावीक तासांनी तपासणी करत मुदतीपर्यंत उडवा, किंवा भाग आत्ताच बदला आणि तपासणीतून सुटा. हिशेब करणारे बहुतेक जण इथे फक्त भागाची किंमत बघतात. माझ्या मते किंमत तिसऱ्या क्रमांकावर येते. पहिला प्रश्न दोष कोणत्या जातीचा आहे हा, आणि दुसरा, एडी पूर्ण आहे की अर्धवट हा.

झीज आणि तडा

झीज हळूहळू होते, मोजता येते आणि मोजून तिचा वेग कळतो. उदाहरण घ्यायचं तर साफ्रानच्या, म्हणजे पूर्वीच्या टर्बोमेकाच्या, एरिएल २ इंजिनांचं घेता येईल. त्यांच्या इंधन पंपाला गती देणाऱ्या शाफ्टवर दातेरी खाचा असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. या स्प्लाइनच्या झिजेवरून तपासणीच्या एडी निघाल्या. दाते झिजून गुळगुळीत झाले की शाफ्ट फिरतो, पण पंप फिरत नाही. पंप थांबला की इंधन थांबतं, आणि इंजिन हवेतच बंद पडतं. एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरमध्ये मग वैमानिकापुढे ऑटोरोटेशनने, म्हणजे इंजिनाशिवाय नुसत्या हवेच्या झोतावर फिरणाऱ्या पात्यांच्या आधाराने, खाली उतरण्याखेरीज काही उरत नाही. परिणाम गंभीर, पण दोषाचा स्वभाव सावकाश. मेकॅनिक जोडणी उघडतो, दाते स्वच्छ पुसून झीज बघतो, मर्यादेत असेल तर परत बसवतो. अशा ठिकाणी तपासत उडवणं हा शहाणपणाचा पर्याय असू शकतो.

धातूतला किंवा घडणीतला दोष वेगळा. टर्बाइनच्या चक्रात किंवा पात्याच्या मुळाशी थकव्याने पडलेला तडा बराच काळ दिसत नाही, आणि एकदा वाढायला लागला की पुढच्या तपासणीची वाट बघत नाही. रोल्स-रॉइसच्या एम२५० इंजिनांच्या टर्बाइन चक्रांसाठी फ्लोरेसंट पेनिट्रंट तपासणी सांगणाऱ्या एडी निघाल्या आहेत. भाग धुऊन कोरडा करायचा, चमकणारा रंगद्रव लावून तो फटीत मुरू द्यायचा, वरचा पुसून टाकायचा, फटीतला रंग बाहेर ओढणारा डेव्हलपर फवारायचा आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली बघायचं. तडा असेल तर हिरवट पिवळी रेघ उजळते. पद्धत चांगली आहे, पण त्यासाठी इंजिन उतरवून टर्बाइन खोलावं लागतं. एवढं खोललंच आहे, तर तोच संशयित भाग पुन्हा आत घालण्यात मला कधीच अर्थ वाटलेला नाही. बोरोस्कोपने, म्हणजे आत सरकवायच्या बारीक कॅमेऱ्याने, खोलल्याशिवाय बघता येतं हे खरं, पण तिथे सगळं बघणाऱ्याच्या नजरेवर येतं.

थोडक्यात निवड अशी: झिजेचा दोष, सोपी तपासणी आणि मोजमापाची स्पष्ट मर्यादा असेल तर तपासणी चालेल. तड्याचा किंवा सदोष खेपेचा मामला असेल तर बदला, मुदत कितीही लांबची दिसो.

एडी पूर्ण की अर्धवट

एडीच्या मजकुरात दोन शब्द शोधा. ‘इंटरिम अ‍ॅक्शन’ लिहिलं असेल तर नियामकाचा तपास अजून चालू आहे आणि यापुढे दुसरी एडी येण्याची शक्यता धरून चालायला हवं. ‘टर्मिनेटिंग अ‍ॅक्शन’ लिहिलं असेल तर सांगितलेला नवा भाग बसवल्यावर वारंवार तपासणीची अट कायमची मिटते.

अंतरिम एडीवर घाईने महागडा भाग घेणं बऱ्याचदा अंगाशी येतं. आज बसवलेला पर्यायी भाग सहा महिन्यांनी नव्या एडीत अडकू शकतो. नवा भाग म्हणजे निर्दोष भाग, हे समीकरण किती कच्चं आहे ते लायकमिंगच्या पिस्टन इंजिनांवरच्या २०१७-१६-११ क्रमांकाच्या एडीत दिसलं. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या लहान टोकातली बुशिंग, म्हणजे आतली धातूची कडी, सैल असल्याचं आढळलं, आणि दोष जुन्या नव्हे, नव्याने पुरवलेल्या मालात होता. नुकती ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती, करून आलेली इंजिनंही त्यात सापडली. त्यामुळे एडी अंतरिम असेल आणि दोष झिजेचा असेल, तर मी तपासणीच्या बाजूने उभा राहीन. टर्मिनेटिंग वाट उघडी असेल आणि भाग उपलब्ध असेल, तर थांबण्याचं कारण मला दिसत नाही.

आता पैसे आणि तास

एफएएच्या एडीत सहसा खर्चाचा अंदाज दिलेला असतो. त्यात मजुरी ताशी ८५ डॉलर धरण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. प्रत्यक्षातली दुरुस्तीची दुकानं या दरात क्वचितच काम करतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा अंदाज फक्त थेट खर्चाचा असतो. हेलिकॉप्टर जमिनीवर उभं राहिल्याने बुडालेला धंदा त्यात येत नाही.

एक कल्पित उदाहरण मांडू. समजा एडी म्हणते: दर ५० तासांनी तपासा, प्रत्येक तपासणीला चार तास लागतील, आणि ६०० तास किंवा १२ महिने यांपैकी जे आधी येईल तेव्हा भाग बदला. महिन्याला ८० तास उडवणाऱ्याचे ६०० तास साडेसात महिन्यांत संपतील. तोवर ११ तपासण्या, ४४ तास मजुरी, एफएएच्या दराने ३,७४० डॉलर. महिन्याला २५ तास उडवणारा बारा महिन्यांत ३०० तासांवर पोचेल. त्याच्या तपासण्या पाचच, २० तास, १,७०० डॉलर. कागदावर दोन्ही रकमा क्षुल्लक आहेत. पण जास्त उडवणाऱ्याचं हेलिकॉप्टर साधारण दर एकोणीस दिवसांनी कामावरून बाहेर जातं, आणि प्रत्येक वेळी वेळापत्रक मोडतं. त्याला भाग लवकर बदलणं परवडतं. कमी उडवणाऱ्याला पुढच्या ठरलेल्या मोठ्या तपासणीत बदल उरकता आला, तर तेच उत्तम.

तपासणीचा आणखी एक खर्च कुठेच लिहिलेला नसतो. इंधनाची जोडणी अकरा वेळा उघडली म्हणजे गळती रोखणारी ओ-रिंग (रबरी कडी) चिमटण्याची, नळी सैल राहण्याची, लाइनमध्ये हवा शिरण्याची संधी अकरा वेळा दिली. प्रत्येक वेळी गळती तपासणी आणि जमिनीवर इंजिन चालवून बघणं आलं. दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर असेल तर एकाच माणसाने एकाच दिवशी दोन्ही इंजिनांवर तेच काम करू नये; एका हाताची चूक दोन्हीकडे जाते.

मुदतीबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. नेहमीच्या देखभालीच्या वेळापत्रकात थोडे तास पुढे-मागे करण्याची जी सवलत असते, ती एडीला लागू नसते, एडीत तसं लिहिलेलं असल्याशिवाय. ५० तास म्हणजे ५० तास.

कोणता भाग बसवायचा

नवा, ओव्हरहॉल केलेला, एक्स्चेंजमध्ये, म्हणजे जुना देऊन बदल्यात, आलेला, किंवा वापरलेला पण सेवायोग्य, असे चार पर्याय समोर येतात. एडी बहुधा पार्ट नंबरने आणि कधी सीरियल नंबरने बोलते, म्हणून आधी नंबर जुळवा, मग भाव करा. भाग बसवण्यायोग्य असल्याचा दाखला, म्हणजे अमेरिकेचा फॉर्म ८१३०-३ किंवा ईएएसए या युरोपच्या हवाई नियामकाचा फॉर्म १, नसेल तर पुढे बोलूच नका. ज्याला आयुर्मर्यादा आहे अशा फिरत्या भागाचा जन्मापासूनचा हिशेब हवा: किती तास, किती सायकल (इंजिन चालू-बंद होण्याच्या फेऱ्या), कोणकोणत्या इंजिनांत. मधली दोन वर्षं कागदावर गायब असतील तर भाग कितीही चकचकीत असो, तो भंगारच.

एरिएलसारख्या इंजिनांची बांधणी पाच मॉड्यूलची, म्हणजे वेगवेगळ्या काढता येणाऱ्या पाच भागांची, असते. दोष एका मॉड्यूलपुरता असेल तर तेवढंच मॉड्यूल बदलून किंवा भाड्याने घेऊन हेलिकॉप्टर चालू ठेवता येतं, आपलं मॉड्यूल तोवर दुरुस्तीला जातं. तासावारी पैसे भरून घेतलेला देखभाल करार असेल तर एडीचं काम त्यात बसतं का ते करारात वाचा. वॉरंटीचंही तसंच, काही एडींच्या खर्चाच्या परिच्छेदातच लिहिलेलं असतं की खर्च निर्माता उचलू शकतो.

एफएए आणि ईएएसए: नोंदणी कुठली हे आधी बघा

इंजिन एकच, पण हेलिकॉप्टरची नोंदणी कुठे आहे त्यावर कोणाची एडी लागू हे ठरतं. फ्रान्समध्ये घडलेल्या इंजिनाची मूळ एडी ईएएसए काढते. अमेरिकेत नोंदलेल्या हेलिकॉप्टरवर ती आपोआप लागू होत नाही. एफएए तिच्यावरून आपला स्वतंत्र नियम करते, सहसा आधी प्रस्ताव, ४५ दिवस हरकती, मग अंतिम नियम. मधे महिने जातात. ईएएसएचं उलट: कॅनडातल्या इंजिनावर कॅनडाच्या नियामकाने एडी काढली तर ईएएसए वेगळं काही ठरवत नाही तोवर तीच युरोपात चालते. तातडीच्या प्रसंगी दोघंही इमर्जन्सी एडी काढतात आणि तेव्हा हरकतींना वेळ मिळत नाही.

कायदा उशिरा आला म्हणून धोका उशिरा येत नाही. अमेरिकी नोंदणीच्या मालकाला मधले काही महिने मोकळीक मिळते, हे कागदावर खरं. एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरसाठी ती मोकळीक मी वापरणार नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सर्व्हिस बुलेटिनच्या, म्हणजे निर्मात्याने काढलेल्या तांत्रिक सूचनापत्राच्या, आवृत्तीत. नुसतं बुलेटिन, त्यावर निर्मात्याने ‘मँडेटरी’ छापलं तरी, अमेरिकेत खासगी मालकासाठी कायदा होत नाही. एडीने त्याचा हवाला दिला की होतो, पण तोही त्याच आवृत्तीपुरता. एफएएची एडी बुलेटिनची तिसरी आवृत्ती सांगत असेल आणि दुकानाने चौथीप्रमाणे काम केलं, तर चांगलं काम करूनही एडी पाळली गेली नाही असं होऊ शकतं. ईएएसएच्या एडीत मात्र नंतरच्या मंजूर आवृत्त्याही चालतील असं वाक्य बहुधा असतं. बुलेटिन आणि एडी यांत विसंगती असेल तर एफएएच्या नियमाप्रमाणे एडीचं ऐकायचं.

बाकीच्या दोन वाटा

एडीत सांगितल्यापेक्षा वेगळ्या रीतीने तीच सुरक्षा साधता येत असेल तर नियामकाकडे पर्यायी पद्धतीची मंजुरी मागता येते. एएमओसी म्हणतात तिला. मंजुरी हातात येईपर्यंत मूळ एडीच लागू. तुमच्या इंजिनात आधीच फेरबदल झालेला असेल आणि त्यामुळे सांगितलेलं काम करताच येत नसेल, तर हाच मार्ग. नुसती मुदत वाढवून घ्यायची म्हणून अर्ज करणार असाल तर भक्कम तांत्रिक कारण लागेल. ‘भाग मिळत नाही’ एवढ्यावर भागत नाही.

दुसरी वाट स्पेशल फ्लाइट परमिटची. मुदत संपली, हेलिकॉप्टर एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे, तर तेवढ्या उड्डाणापुरती परवानगी मिळू शकते. एडीनेच ती नाकारली असेल, तर ट्रकवर चढवून न्यावं लागतं.

निर्णय काहीही घ्या, लॉगबुकात एडीचा क्रमांक, आवृत्तीची तारीख, पाळण्याची पद्धत, आणि तपासणी वारंवार असेल तर पुढची कधी, हे सगळं लिहिलेलं हवं. एफएए हे स्पष्ट मागते. वापरलेलं हेलिकॉप्टर विकत घेणाऱ्यानेही नेमका हाच तक्ता आधी मागावा. ‘एडी कम्प्लाइड’ एवढ्या दोन शब्दांवरून भाग बदललाय की नुसता तपासलाय ते कळत नाही, आणि किमतीतला फरक तिथेच असतो. शेवटी गोदामही बघा. बऱ्याच एडी ठरल्या तारखेपासून तो पार्ट नंबर बसवायलाच मनाई करतात, त्यामुळे कपाटात सीलबंद पडलेला तुमचा सुटा भागही त्या दिवसापासून निकामी ठरतो. त्याला लाल टॅग लावून वेगळा ठेवा, नाहीतर रात्रपाळीचा कुणीतरी तोच उचलून बसवेल.