फॅमिली कोर्टात वकील करायचा की आपलं आपण जायचं?

मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीने माझ्यासमोर पाच पानांचा कागद ठेवला आणि म्हणाली, दादा एकदा नजर टाक रे, सगळं ठरलंय, नवऱ्याच्या ओळखीच्या टायपिंगवाल्याने म्युच्युअलचा, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा, अर्ज करून दिलाय, वकिलाला कशाला पैसे घालायचे. ती मूळची सांगलीकडची, लग्न होऊन बडोद्यात आली, गुजराती बोलते झकास, भाजीवाल्याशी भाव पण करते, पण वाचायचं म्हटलं की अक्षर लावत बसते. मी इथलाच, गुजराती मीडियमचा. चौथ्या पानावर ओळ होती, ‘कायमी भरणपोषणनो हक जतो करूं छूं’. तिला वाटलं जतो म्हणजे जतन, म्हणजे पोटगीचा हक्क आपण राखून ठेवतोय. गुजरातीत हक जतो करणं म्हणजे सोडून देणं. आणि बाईसाहेबांनी पानापानावर सही केलेली.

तरी सरसकट ‘वकील पाहिजेच’ असं मी म्हणणार नाही. फॅमिली कोर्टाचा 1984 चा कायदा आहे, त्याच्या कलम 13 मध्ये उलटंच लिहिलंय, इथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाने परवानगी दिली तर. प्रत्यक्षात तसा अर्ज दिला की परवानगी मिळते आणि दोन्हीकडे वकील दिसतातच. पण कायद्याच्या डोक्यात होतं की नवरा-बायकोनी स्वतः येऊन बोलावं, समझोता होतो का ते कोर्टाने आधी बघावं.

म्हणून दोघांचं खरंच पटलेलं असेल, मूल नाही, घर-प्लॉट जॉइंट नाही, देणंघेणं संपलंय, कागदाची भाषा दोघांना नीट वाचता येते, तर आपलं आपण जाणं जमण्यासारखं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या 13बी खाली एक वर्ष वेगळं राहिलेलं असायला हवं, अर्ज टाकल्यावर सहा महिने थांबायचं. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सहा महिने योग्य केसमध्ये माफ होऊ शकतात, पण त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, कारणं दाखवावी लागतात, आणि गंमत म्हणजे आपलं आपण गेलेल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. पैसे वाचले, सहा महिने गेले.

आपल्याकडे तिसरा रस्ता पण चालतो, स्टॅम्प पेपर आणि नोटरी. पाच-दहा मिनिटांत ‘छूटाछेडा’, म्हणजे घटस्फोट. हे मात्र अजिबात करू नका. समाजात तशी जुनी रूढी आहे हे सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर हिंदू लग्न नोटरीच्या शिक्क्याने मोडत नाही, त्या भरवशावर दुसरं लग्न केलंत तर तुम्हीच अडकाल. सयाजीरावांच्या बडोद्यात 1931 मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता, सगळ्या देशासाठीचा कायदा यायला 1955 उजाडलं, आणि त्याच गावात आपण अजून स्टॅम्प पेपर शोधत फिरतो.

आता भांडणाची केस. पोटगी, मुलाचा ताबा, घरात राहण्याचा हक्क, यातलं एक जरी असेल आणि समोरच्याने वकील केलाय, तर एकट्याने जाणं म्हणजे पैसे वाचवणं नाही. पोटगीचंच घ्या. 2020 च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं सोगंदनाम्यावर, म्हणजे प्रतिज्ञापत्रावर, द्यावं लागतं. समजा नवरा मकरपुऱ्याच्या कारखान्यात कामाला आहे, बँकेत दिसतात अठरा हजार, बाकी हातात रोख. तुम्हाला ठाऊक आहे, शेजाऱ्यांना ठाऊक आहे, पण कोर्टाला कोण सांगणार? गाडीचा हप्ता, एलआयसीचा प्रीमियम, मुलाची फी यांच्या पावत्या मागवून ‘अठरा हजारात हे सगळं कसं भागतं’ हा प्रश्न उलटतपासणीत त्यालाच विचारायचा असतो, आणि तो रडवेल्या आवाजात विचारून चालत नाही. पुरुषांचंही तेच, नोटीस आली की रागाने कपाटात टाकायची, मग एकतर्फी हुकूम होतो, थकबाकी साचते आणि वसुलीत थेट जेलपर्यंत वेळ येऊ शकते. (पोटगीचं जुनं कलम 125 आता 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 144 झालंय, कागदावर नंबर वेगळा दिसला तर घाबरू नका.)

माहेर महाराष्ट्रात आणि सासर बडोद्यात, हा आपल्या लोकांचा खास घोळ. बायको जिथे राहते तिथे ती घटस्फोटाचा अर्ज टाकू शकते, म्हणजे माझ्या बहिणीला सांगलीही मोकळी होती. पण नवऱ्याने आधी इथे टाकला तर केस तिकडे न्यायला हायकोर्ट पुरत नाही, दोन राज्यांचा मामला म्हणून सुप्रीम कोर्टात ट्रान्सफर अर्ज करावा लागतो. कुठे आणि कोणी आधी टाकायचं, एवढा एकच सल्ला घ्यायला वकिलाकडे एक संध्याकाळ गेलात तरी वसूल.

पैसे नाहीत? 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला आणि मुलांना फुकट वकील मिळतो, कमाई कितीही असो. 15100 वर फोन करा नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. बडोद्याची कोर्टं सूरसागर तलावाजवळच्या जुन्या न्यायमंदिरातून आता दिवाळीपुऱ्याला गेलीत, सवयीने सूरसागरला जाऊन उभे राहू नका. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ असं नसतं, काही फार मनापासून काम करतात, पण निवड तुमच्या हातात फारशी नसते आणि हातात केसेस खूप, त्यामुळे तारखेच्या आदल्या दिवशी फोन तुम्हीच करायचा. साधी पोटगीची किंवा घरगुती हिंसाचाराची केस असेल तर मी आधी हेच करून बघेन. धंदा, भागीदारी, परदेशातला नवरा असं काही असेल तर खाजगी.

खाजगी करताना फी टप्प्यावर की तारखेवर, ते लिहून घ्या. ‘पोटगीतले एवढे टक्के द्या’ म्हणणारा दिसला की उठा, निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. वकील पटला नाही तर बदला, फीसाठी तो तुमची फाईल अडवून ठेवू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने हे 2000 मध्येच सांगून ठेवलंय. आणि केस चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली समोरच्याकडून कोर्टाचा खर्च पण मागता येतो, हे बायकांना कोणी सांगतच नाही.

बहिणीचं नशीब, अर्ज अजून दाखल झाला नव्हता. झाला असता तरी हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता आली असती, पण संमतीने एकदा निकाल लागला की फॅमिली कोर्टाच्या कायद्यात त्यावर अपील नाही. तिला घेऊन दांडियाबाजारातल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हे लिहिलं कोणी?’ नवा अर्ज गुजरातीतच झाला, पण सहीआधी बाईंनी प्रत्येक ओळ तिला हिंदीत सांगितली, मुलाच्या फीची ओळ तर तीनदा. त्यात दोन तास गेले, तोवर मी सेव-उसळ खाऊन दोन चहा पिऊन आलो.