ट्रोव्ह : युद्धोत्तर भीतीचे मोफत दप्तर

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आले आहे, हे कोल्हापूरचा माणूस सकाळच्या वर्तमानपत्रात आधी पाहतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, आणि धान्याची पोती माळ्यावर चढवायची की नाही हे त्यावर ठरते. २०१९ आणि २०२१ चे महापूर अनुभवल्यापासून, धोक्याची बातमी कशी लिहिली जावी हा प्रश्न मला सोडत नाही. त्याच ओढीने मी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ वापरू लागलो.

येथे जुनी वर्तमानपत्रे विनामूल्य वाचता येतात. मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट अशी की, शोधलेली बातमी कात्रणासारखी सुटी दिसत असली तरी तिचे संपूर्ण पान उघडता येते. अणुयुद्धाच्या भीतीचा मजकूर बाजारभाव, जाहिराती आणि निधनवार्ता यांच्या शेजारी बसलेला दिसतो, आणि त्या काळच्या वाचकाने तो कोणत्या गर्दीत वाचला असेल हे उमगते.

१९५१ च्या आरंभीच्या बातम्या अवश्य वाचाव्यात. पिके फस्त करणारे ससे मारण्यासाठी आदल्या वर्षी मिक्सोमॅटोसिसचा विषाणू सोडण्यात आला होता आणि डासांमुळे तो झपाट्याने पसरत होता. नेमक्या त्याच उन्हाळ्यात मरे नदीच्या खोऱ्यात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. सशांचा रोग माणसांना लागला, अशी शंका लोकांनी घेतली, आणि ती निराधार आहे असे नुसते सांगून भागण्यासारखे नव्हते. अखेर बर्नेट, फेनर आणि क्लुनिस रॉस या शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला, त्यांना काहीही झाले नाही, आणि ही माहिती जाहीर करण्यात आली. लोकांची शंका, साथीची वाढ आणि तज्ज्ञांचा पुरावा यांची दिनांकवार संगती येथे लावता येते. बंधाऱ्यावरच्या फुटांना आपल्याकडे जे स्थान आहे, ते त्या प्रकरणात या टोचणीला होते, असे माझे मत आहे.

राजकीय भीतीला असा मोजण्याचा आकडा नव्हता. कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला द्यावा की नाही, यावर २२ सप्टेंबर १९५१ रोजी सार्वमत झाले आणि मतदारांनी तो नाकारला. एप्रिल १९५४ मध्ये सोव्हिएत वकिलातीतील व्लादिमीर पेत्रोव्ह यांनी आश्रय मागितला. त्यांच्या पत्नीला सिडनीच्या विमानतळावर दोन सोव्हिएत माणसे दंड धरून विमानाकडे नेत आहेत, आणि तिच्या एका पायात बूट नाही, ते छायाचित्र सर्वत्र गाजले. त्यातील भीती खरी होती. पण शेजारच्या गल्लीतील वाचकाला स्वतःचा धोका किती, हे त्या चित्रावरून कळणे शक्य नव्हते.

आता उणिवा. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका पुष्कळ आहेत. वाचकाला त्या ओळीओळीने दुरुस्त करता येतात, हे मात्र फार चांगले. शोधताना त्या काळचेच शब्द द्यावे लागतात: नुसते ‘पोलिओ’ न देता ‘इन्फन्टाईल पॅरालिसिस’ हेही शोधावे. भ्रमणध्वनीवर मोठे पान वाचताना डोळे शिणतात, तेव्हा संगणकच बरा. बहुतेक वर्तमानपत्रे १९५४ पाशी थांबतात, त्यामुळे पेत्रोव्ह प्रकरणाच्या पुढच्या वर्षांचा माग बहुतांशी हाती लागत नाही. साप्ताहिकांपैकी ‘विमेन्स वीकली’ मात्र १९८२ पर्यंत आहे, आणि घरगुती धोक्यांविषयी कोणत्या सुरात लिहिले जाई हे पाहण्यासाठी मी आता त्याच्याकडेच वळलो आहे.

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना, तसेच पूरकाळात वार्तांकन करणाऱ्यांना, मी हे संकेतस्थळ मनापासून सुचवतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने फेब्रुवारी आणि मार्च १९५१ हे दोन महिने निवडून सशांच्या रोगापासून सुरुवात करावी.