इजिप्शियन ताइतांच्या प्रतिकृतींचा संच : आकार नेमके, रंग चुकलेले

नागपूरच्या धरमपेठेतील भेटवस्तूंच्या एका दुकानात प्राचीन इजिप्तमधील ताइतांच्या सात प्रतिकृतींचा संच १,४५० रुपयांना मिळतो. लाकडी पेटीत भुंगा, ससाणारूपी देव होरसचा डोळा, जेद स्तंभ (स्थैर्याचे चिन्ह), आयसिस देवीची गाठ, पपायरस या पाणवनस्पतीचा देठ, डोके टेकवण्याचा आधार आणि अंख (जीवनाचे चिन्ह) अशा सात वस्तू मखमलीवर मांडलेल्या असून सोबत चार पानांची मराठी माहितीपुस्तिका आहे.

घडणीविषयी तक्रार करायला फारशी जागा नाही. डोळ्याखालची ससाण्याच्या चेहऱ्यावरील खूण, जेद स्तंभाच्या माथ्याचे चार आडवे पट्टे, गाठीचे दोन्ही बाजूंना लोंबणारे फास हे सारे नीट उतरले आहे. डोक्याचा आधार निवडला, याबद्दल तर निर्मात्याचे कौतुकच करावे लागेल; मृताचे मस्तक धडापासून वेगळे होऊ नये म्हणून ममीसोबत ठेवला जाणारा हा ताईत अशा संचांत सहसा दिसत नाही.

मात्र सातही नग एकाच चकचकीत निळ्या रेझिनचे आहेत, आणि इथे संच सपशेल घसरतो. निळा-हिरवा रंग इजिप्तला परका नव्हता. दळलेली गारगोटी, थोडा चुना, क्षार आणि तांबे यांच्या मिश्रणातून फायन्स हे झिलईदार द्रव्य तयार होई. वाळताना क्षार पृष्ठभागावर येत आणि भट्टीत त्यांचीच झिलई बने. मातीच्या साच्यांत दाबून असे ताईत स्वस्तात आणि मोठ्या संख्येने काढता येत. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १८९१-९२ मध्ये इजिप्तमधील अमर्ना येथे असे साचे हजारोंनी सापडले. पण दफनाच्या ताइतांबाबत ‘मृतांचा ग्रंथ’ या दफनमंत्रांच्या संग्रहातील मंत्र द्रव्यही सांगतात : १५५व्या मंत्रात जेद सोन्याचा, १५६व्यात आयसिसची गाठ तांबड्या जॅस्परची, कारण ती तिच्या रक्ताशी जोडलेली; आणि पपायरसचा देठ हिरव्या फेल्डस्पारचा. डोक्याचा आधार बहुधा काळसर हेमटाइटचा असे. प्रत्यक्षात सर्वांना सोने परवडत नसल्याने फायन्सचे जेद विपुल सापडतात, हे खरे. तरी निदान गाठ लाल रंगवायला खर्च तो किती आला असता?

भुंग्याची पाठ बारकाईने कोरली आहे, आणि पोट कोरे. मृताच्या छातीवर ठेवल्या जाणाऱ्या हृदय-भुंग्याचा मुख्य भाग म्हणजे त्याचे सपाट पोटच, कारण त्यावर मंत्र ३०ब कोरलेला असे. परलोकाचा देव ओसायरिस याच्यापुढे हृदयाचे वजन होताना त्या हृदयाने आपल्याच धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी त्यात विनवणी आहे. त्या ओळींवाचून हा नुसता शोभेचा किडा उरतो.

पुस्तिकेने तर जिवंतांचे आणि मृतांचे ताईत एकत्र कालवले आहेत. होरसचा डोळा आणि छोटे भुंगे लोक हयातीतही वापरत. हृदय-भुंगा आणि डोक्याचा आधार मात्र कबरीसाठी होते, आणि पुस्तिका सातही नग ‘रोज गळ्यात घाला’ असे सुचवते. घरगुती जीवनातले ताईत हवेच असतील, तर गरोदर स्त्रियांची राखणदार पाणघोडीरूपी देवी तावेरेत आणि बुटका, जीभ काढलेला देव बेस हे दोघे यायला हवे होते. तान्ह्याच्या मनगटात काळे मणी बांधणाऱ्या नागपूरच्या घरांना या दोघांचे काम वेगळे समजावून सांगावे लागले नसते. उलट अंख चित्रांत सर्वत्र दिसत असला, तरी सुटा ताईत म्हणून तुलनेने कमी सापडतो; पुस्तिकेत अर्धे पान त्यालाच दिले आहे.

कोणता ताईत शरीरावर कुठे ठेवत, याची एखादी आकृती हवी होती. नोव्हेंबर १९२५ मध्ये फॅरो तुतनखामूनच्या ममीची वस्त्रे सोडवताना उत्खननकर्ते हॉवर्ड कार्टर यांनी प्रत्येक थरातील वस्तूंची जागा टिपून ठेवली, म्हणून तो क्रम आज वाचता येतो. इथे गळ्याशी काय आणि अवयव काढण्यासाठी पोटाच्या डाव्या बाजूला दिलेल्या छेदावर काय, हे मुलांना कळण्याचा मार्गच नाही.

दुकानदार सौजन्याने बोलतात, पेटी उघडून दाखवतात, आणि झाकणाची बिजागरी सैल निघाल्यावर त्यांनी ती विनातक्रार बदलून दिली. नागपूरचे वस्तुसंग्रहालय ‘अजब बंगला’ पाहून आलेल्या मुलांच्या हाती काही द्यायचे असेल, तर आकार ओळखण्यापुरता हा संच चालेल. वर्गात शिकवण्यासाठी घेणाऱ्यांनी पुस्तिका बाजूला ठेवावी आणि लाल, सोनेरी, हिरव्या रंगाच्या डब्या सोबत घ्याव्यात. दोन सुटे नग मिळत असतील तर डोळा आणि डोक्याचा आधार घ्यावा, पण सध्या दुकान पूर्ण पेटीच विकते.